‘कमी दिवसांचे बाळ म्हणजे सिझरच’ : एका फिरत्या निरोपाला उत्तर

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाळंतपणाचे काम करते. गेल्या काही महिन्यांत एकच निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरून माझ्याकडे पुन्हा पुन्हा आला. एकदा तो नातेवाइकांच्या गटातून आला, एकदा आशाताईंच्या गटातून, आणि परवा तर एका गरोदर बाईच्या नवऱ्याने तपासणीच्या टेबलाशी उभे राहून तो मला त्याच्याच मोबाइलवर वाचायला दिला. आशय असा : सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या तर थेट सिझर करून घ्या, कारण कमी दिवसांच्या बाळाचे डोके मऊ असते आणि खालून येताना दाबाने मेंदूत रक्त उतरते, सिझरच्या बाळाला श्वासाचा त्रास होत नाही, पाणी गेले असेल तर तासभरही थांबू नका, आठव्यातले मूल जगत नाही, तेव्हा काढायचेच तर सातव्यात काढा, जो दवाखाना लगेच सिझर करतो तिथेच जा, आणि आईची चिंता नको, टाके आठ दिवसांत भरतात. शेवटी नेहमीचीच ओळ, दहा जणांना पाठवा.

निरोप लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. बहुधा एखाद्या घरात मूल गेले, आणि ‘सिझर केले असते तर’ ही रुखरुख पुढे शब्द होऊन फिरू लागली. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडे खरे आणि बरेच चुकीचे एकमेकांत कालवलेले आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊनच बोलावे लागेल.

त्याआधी एक गोष्ट. निरोप महिन्यांत बोलतो आणि आम्ही आठवड्यांत मोजतो, हा केवळ बोलण्याचा फरक नाही. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ ते कमी दिवसांचे. पण घरच्यांच्या तोंडचा ‘सातवा महिना’ कधी २६ आठवड्यांचा असतो, तर कधी ३१ आठवड्यांचा. या दोन बाळांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकाची त्वचा इतकी पातळ असते की खालच्या शिरा मोजता याव्यात, तर दुसरे पेटीत ठेवल्यावर हात-पाय झाडून रडते. दोघांना एकच सल्ला देणारा निरोप दोघांपैकी एकाच्या बाबतीत तरी चुकणारच.

आता पहिले वाक्य, मऊ डोक्याचे. हे ऐकायला पटते, आणि एके काळी डॉक्टरांनाही पटत असे. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत, आतल्या पोकळ्यांच्या काठाशी, अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत तो विरून जातो, आणि त्याआधी जन्मलेल्या बाळांत तेथेच रक्तस्राव होण्याची भीती असते. इथवर निरोप बरोबर आहे. मात्र या वाहिन्या फुटतात त्या मुख्यतः जन्माच्या वेळी आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत बाळाचा रक्तदाब, श्वास आणि प्राणवायू वरखाली होतो म्हणून. खालून येताना डोक्यावर पडणारा दाब हे त्याचे मोठे कारण आहे, आणि पोट उघडल्याने ते टळते, असे ठामपणे कोणालाही दाखवता आलेले नाही.

दाखवण्याचा सरळ मार्ग म्हणजे चिठ्ठी टाकून निम्म्या बायकांचे सिझर ठरवायचे, निम्म्यांचे खालून होऊ द्यायचे, आणि बाळांचे काय झाले ते ताडून पाहायचे. असे प्रयोग सुरू झाले आणि बहुतेक अर्ध्यातच बंद पडले, कारण त्यांत सामील व्हायला पुरेशा बायका मिळेनात. कळा देणाऱ्या बाईला ‘चिठ्ठी निघेल तसे करू’ असे कोण सांगणार आणि ती तरी कशाला ऐकणार? २०१३ साली कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेने, पोटात एकच बाळ असलेल्या बायकांवरचे असे सगळे प्रयोग गोळा केले, तेव्हा सहा अभ्यास मिळून हाती लागल्या जेमतेम १२२ बायका. एवढ्यावरून कोणताही कौल देता येत नाही, असेच त्यांनी लिहिले. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या बाळंतपणाविषयी शिफारशी केल्या, त्यांत हे स्पष्ट आहे की बाळ डोक्याकडून असो वा पायाळू, केवळ कमी दिवसांचे आहे म्हणून त्याच्या भल्यासाठी सरसकट सिझर करू नये.

मग ‘सिझरची बाळे वाचली, खालून झालेली गेली’ हा लोकांचा अनुभव खोटा का? खोटा नाही, त्याची कारणमीमांसा चुकलेली आहे. ठरवून सिझर होते ती बाई बहुधा दोन दिवस आधी भरती झालेली असते, तिला बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शने मिळालेली असतात आणि बालरोगतज्ज्ञ हातमोजे घालून उभे असतात. खालून होते ती बाई कधी कधी सातपुड्याच्या पाड्यावरून जीपमधून उतरते आणि दाराशीच मोकळी होते. पहिले बाळ वाचले आणि दुसरे गेले, तर श्रेय वाटेचे की दोन दिवसांच्या तयारीचे? उलट बाजूही आहे. आईला झटके येण्याची लक्षणे आहेत, पोटात बाळ वाढत नाही, म्हणून ज्यांचे सिझर करावे लागते ती बाळे मुळातच अशक्त असतात. त्यांतले एखादे गेले की ‘सिझरनेच घात केला’ असे म्हणणारेही भेटतात. दोन्ही हिशेब सारखेच चुकतात.

शिवाय सिझर म्हणजे बाळ अलगद उचलून ओंजळीत घेणे, हे चित्रही खरे नाही. भरल्या दिवसांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून कागदासारखा पातळ झालेला असतो, तेथे आडवा छेद घेतला की डोके सहज वर येते. २६-२७ आठवड्यांना तो पातळ भाग तयारच झालेला नसतो. भिंत जाड, जागा अरुंद, आणि त्यातून सातशे-आठशे ग्रॅमचे बाळ काढायचे. पाणी आधीच निघून गेले असेल तर गर्भाशय बाळाभोवती आवळून बसलेले असते. अशा वेळी बाळाचा हात ओढला तर इजा होऊ शकते, म्हणून काही वेळा छेद वाढवावा किंवा उभाच घ्यावा लागतो. काही ठिकाणी फार लहान बाळ पाणपिशवी न फोडता, पिशवीसकटच बाहेर काढतात, म्हणजे पाण्याची गादी शेवटपर्यंत त्याच्याभोवती राहते. चांगली युक्ती आहे, पण तीही प्रत्येक वेळी साधत नाही.

सिझरची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर मीही निरोपासारखीच एकांगी ठरेन. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असून रक्त जात असेल, वार सुटून बाळाचे ठोके बिघडले असतील, नाळ खाली घसरली असेल, बाळ आडवे असेल, किंवा डॉपलर तपासणीत नाळेतला रक्तप्रवाह थांबलेला वा उलटा दिसत असेल आणि कळा सोसण्याइतकी ताकद बाळात नसेल, तर सिझर कमी दिवसांतही जीव वाचवते, आणि तेव्हा ‘नॉर्मलचीच वाट पाहू’ म्हणणारे नातेवाईक मला नकोसे होतात. पायाळू बाळाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर संघटनेची शिफारस वर दिली तशी आहे. तरीही माझ्यासह पुष्कळ डॉक्टर तेथे सिझरकडे झुकतात, कारण कमी दिवसांच्या बाळाचे अंग लहान आणि डोके त्या मानाने मोठे असते, अंग अर्धवट उघडलेल्या तोंडातून बाहेर येते आणि डोके अडकते. जुळ्यांसाठी मात्र भक्कम उत्तर मिळालेले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात ३२ ते ३८ आठवड्यांच्या, पहिले बाळ डोक्याकडून असलेल्या २८०० बायका होत्या. बाळ दगावण्याचे किंवा गंभीर आजारी पडण्याचे प्रमाण ठरवून केलेल्या सिझरच्या गटात २.२ टक्के आणि खालून बाळंतपण योजलेल्या गटात १.९ टक्के निघाले, म्हणजे फरक नाहीच. आणि खालून होताना शेवटी मदत लागलीच, तर ३४ आठवड्यांच्या आत व्हॅक्यूम, म्हणजे डोक्याला चिकटवून बाळ ओढायची वाटी, लावायचा नाही, हा नियम मऊ डोक्याच्या मुद्द्यातूनच आलेला आहे. निरोपवाल्याने हे लिहिले असते तर मी त्याचे आभार मानले असते.

दुसरे वाक्य, सिझरच्या बाळाला श्वासाचा त्रास होत नाही. येथे गोष्ट उलटी आहे. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव असतो, आणि कळांच्या वेळी स्रवणारी संप्रेरके तो शोषून घ्यायला लावतात. कळा सुरू होण्याआधीच बाळ काढले की तो द्रव काही काळ तसाच राहतो आणि बाळ धापा टाकते. कमी दिवसांच्या बाळात त्यावर आणखी एक अडचण असते : फुप्फुसांच्या फुग्यांना आतून मिटू न देणारा स्निग्ध थर पुरेसा तयार नसतो. तो लवकर तयार व्हावा म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, आणि या सगळ्या प्रकरणात बाळाचा जीव वाचवणारी सर्वांत भरवशाची वस्तू कोणती असेल तर ती हीच आहे. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या दोन डॉक्टरांनी तिचा उपयोग दाखवून दिला. आपल्यासारख्या देशांतही ती उपयोगी पडते का, ही शंका भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियात झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने मिटवली : २६ ते ३३ आठवड्यांच्या बाळंतपणांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळालेल्या आयांची १९.६ टक्के बाळे पहिल्या महिन्यात दगावली, न मिळालेल्यांची २३.५ टक्के. डोस सहा मिलिग्रॅमचे चार, दर बारा तासांनी. हे इंजेक्शन काही रुपयांचे आहे आणि रेफर करण्यापूर्वी पहिला डोस नर्सताईंनीही द्यावा, असे केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या सूचनांत आहे. शेकडो शब्दांच्या निरोपात याचा उल्लेखही नसावा, ही माझी त्याच्यावरची सर्वांत मोठी तक्रार आहे. त्याच्या जोडीला ३२ आठवड्यांच्या आत मॅग्नेशियम सल्फेट दिले तर बाळाच्या मेंदूला संरक्षण मिळते. मेंदूची काळजी असणाऱ्यांनी ते विचारावे.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, जी खानदेशात सांगावीशी वाटते. मे महिन्यात जळगावात पारा ४४ अंशांवर असतो, बाहेर रस्त्याचे डांबर पायाला चिकटते, आणि त्याच वेळी एसी लावलेल्या शस्त्रक्रियागृहात किलोभराचे ओले बाळ दोन मिनिटांत गारठते. त्याच्या अंगात चरबीच नसते. खोली २५ अंशांच्या आसपास ठेवायची, त्यासाठी घामाने निथळत उभे राहायचे, आणि ३२ आठवड्यांच्या आतले बाळ न पुसताच मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून उबेखाली न्यायचे, ही पद्धत पाहून एका आजोबांनी मला ‘भाजी आणली का पिशवीत?’ असे विचारले होते. बाळ रडले म्हणूनच त्यांना थट्टा सुचली. सिझर असो वा खालून, बाळाला लगेच मदतीची गरज नसेल तर नाळही घाईने कापायची नसते. मिनिटभर थांबले की वारेतले रक्त बाळाला मिळते, आणि कमी दिवसांच्या बाळांतले मृत्यू त्याने कमी होतात.

पाणी गेल्यावर तासभरही थांबू नये, हे तिसरे वाक्य. दवाखान्यात जायला तासभर थांबू नये, एवढाच त्याचा अर्थ असेल तर मला मान्य आहे. पण पाणी गेले म्हणजे बाळ लगेच काढा, असे नाही. ताप नाही, पाण्याला वास नाही, ठोके नीट आहेत, रक्त जात नाही, तर अँटिबायोटिक देऊन, रोज लक्ष ठेवून वाट पाहणे बाळाच्या हिताचे असते. ३४ ते ३६ आठवड्यांना पाणी गेलेल्या बायकांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लगेच बाळंतपण केलेल्या गटात बाळांना श्वासाचा त्रास अधिक झाला आणि आयांची सिझरही अधिक झाली. आणि पाणी जाणे हे एकटे सिझरचे कारण नव्हेच.

आठव्याचे मूल जगत नाही, सातव्याचे जगते, हे मी माझ्या आजीकडूनही ऐकले आहे. माझ्याकडे अमळनेरकडची एक सासू सुनेला घेऊन आली होती. ती हात जोडून म्हणाली, ‘आठवा महिना लागाना पहिलेच काढी ल्या, डॉक्टरीनबाई, आठमाशी पोर जगत नही.’ सून ३० आठवड्यांची होती आणि तिला काहीही झालेले नव्हते. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूने पडतो. ३२ आठवड्यांचे बाळ २८ आठवड्यांच्या बाळापेक्षा सर्व बाबतींत सरस असते, याला एकही अपवाद आकडेवारीत नाही. हे त्या माउलीला पटले की नाही कोण जाणे, पण सून साडेआठ महिने भरून बाळंत झाली. याच समजुतीचे शिकलेले भावंड म्हणजे मुहूर्ताचे सिझर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मूल यावे म्हणून ३७व्या आठवड्यात तारीख मागणारे लोक दरवर्षी येतात. पूर्वी सिझर झालेल्या बायकांच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, कारण नसताना ३७ आठवड्यांना सिझर केलेल्या १५.३ टक्के बाळांना काही ना काही त्रास झाला, ३९ आठवड्यांना ८ टक्के. सण दरवर्षी येतो, मूल दोन आठवडे थांबू शकते.

जो लगेच सिझर करतो तिथेच जा, या वाक्याने आमच्या भागात प्रत्यक्ष नुकसान होते. कमी दिवसांच्या बाळाला सिझर करणारा हात शोधण्यापेक्षा जन्मानंतर सांभाळणारी खोली शोधावी लागते. चोपडा, यावल, रावेरच्या किंवा धडगाव, मोलगीच्या बाईला जवळच्या लहान दवाखान्यात सिझर करून मिळेलही. पण तेथे बाळाला श्वास द्यायची सोय नसेल, तर एक किलोचे बाळ कापसात गुंडाळून घाट उतरत न्यावे लागते, आणि आई टाक्यांसह मागे राहते. हेच अंतर बाळ पोटात असताना कापले तर आईचे पोट ही सर्वांत उत्तम पेटी ठरते. म्हणून कळा आवरत्या असतील तर पहिले इंजेक्शन देऊन १०८ ने नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी, म्हणजे जिल्हा रुग्णालयात किंवा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवणे योग्य असते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे आणि नेणे-आणणे हे सारे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहे. आणि तेथे पोहोचल्यावर उघड्या छातीवर बाळ बांधून ठेवायला सांगितले तर ती गरिबांची सोय समजू नये. १.८ किलोखालच्या बाळांना जन्मापाठोपाठ, स्थिर होण्याची वाट न पाहता आईच्या छातीशी ठेवल्याने मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांच्या प्रयोगात दिसले, आणि त्यांत भारतही होता.

‘सगळी सिझर पैशांसाठीच असतात’ असा याच्या नेमका उलटा निरोपही फिरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली, सरकारीतली १४.३ टक्के, तेव्हा लोकांना संशय येतो याचा मला राग येत नाही. फक्त त्या संशयापायी खरोखर गरज असलेले सिझर नाकारू नये.

राहिले शेवटचे वाक्य, टाके आठ दिवसांत भरतात. कातडीचे भरतात. गर्भाशयावरचा वण पुढच्या प्रत्येक गरोदरपणात सोबत येतो, आणि कमी दिवसांच्या सिझरमध्ये तो अधिक धोक्याचा असू शकतो. वर म्हटल्याप्रमाणे उभा छेद जाड भागावर घ्यावा लागला असेल, तर पुढच्या वेळी तो वण फाटण्याची शक्यता शंभरात चार ते नऊ असते. खालच्या आडव्या छेदाला ती शंभरात एकाहूनही कमी. म्हणून उभ्या छेदाच्या बाईला पुढे कधीच कळा येऊ द्यायच्या नसतात आणि पुढचे सिझर ३६-३७ आठवड्यांच्या सुमारासच करावे लागते, म्हणजे पुढचे बाळही पुन्हा लवकर काढायचे. वार तोंडाशी असलेल्या बाईत ती वार गर्भाशयात रुतून बसण्याचा धोका पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के असतो, आणि रुतलेली वार म्हणजे अनेकदा गर्भाशयच काढणे. पोटात कमी दिवसांचे बाळ असलेली बाई बहुधा विशी-बाविशीची असते. ते बाळ वाचले नाही तर ती पुन्हा गरोदर राहणारच, तेही लवकर.

दोन वर्षांपूर्वी डोंगराकडची एक मुलगी कळा देत माझ्याकडे आली. आधीचे सिझर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात सातव्या महिन्यात झालेले, बाळ चौथ्या दिवशी गेलेले. ओढणीच्या गाठीतून तिने घडी घालून झिजलेले कार्ड काढून दिले. त्यावर तारीख होती, बाळाचे वजन ९०० ग्रॅम होते, आणि पुढे ‘सिझर’ एवढाच शब्द. पोटावरचा वण आडवा होता; पण कातडीवरच्या छेदावरून आतल्या छेदाची दिशा कळत नाही. ‘आतला टाका उभा होता की आडवा, काही सांगितलं होतं का बाळा?’ असे विचारले तेव्हा ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. कळांची वाट पाहण्याची सोय उरली नव्हती. पोट उघडले, तर वण उभाच होता आणि वरच्या टोकाला इतका विरला होता की त्यातून आतले पाणी हलताना दिसत होते. बाळ रडले. तिच्या नव्या कार्डावर मी गर्भाशयाचे चित्र काढून त्यावर छेदाची रेघ ओढली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘आतला छेद उभा. पुढे कळा येऊ देऊ नयेत.’ तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिच्या नवऱ्याकडून ते दोनदा मोठ्याने वाचून घेतले.